तामची पेज

हुइन्ह वान थोय हे नाव फक्त त्याच्या ओळखपत्रावर होतं. फू क्वोक बेटावर त्याला सगळे ताम म्हणत. ताम म्हणजे आठवा. आईबापाचं तो सातवंच मूल, पण दक्षिणेत थोरल्याला पहिला म्हणत नाहीत, दुसऱ्यापासून मोजतात. वय वाढलं तसा तामचा ताम दादा झाला, मग ताम काका झाला, आणि त्याची बायको लाय ही आपोआप ताम काकू झाली. तिच्या नावाने तिला हाक मारणारे तिच्या माहेरी हाम निन्हला तेवढे उरले होते.

ताम चौतीस वर्षं पिंपघरात होता. तिथे माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी पिंपं, वेताच्या दोरखंडांनी आवळलेली, ओळीने उभी असतात. बोटभर लांबीची मांदेलीसारखी मासळी होडीवरच मिठात घोळून आणतात, शिडीवर चढून पिंपात भरतात, वर बांबूच्या पट्ट्या आणि दगड ठेवतात आणि वर्षभर वाट बघतात. मग तळाच्या तोटीतून गडद तांबूस अर्क उतरतो, त्याशिवाय या बेटावर घास कोणाच्या घशाखाली जात नाही. ताम पिंपांचा मुकादम होता. कोणतं पिंप कधी उघडायचं हे मालकीणबाई त्याला विचारून ठरवत. त्या विचारतात याचा त्याला अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

बघायला येणारे लोक हमखास म्हणत, मिठाने मासा विरघळतो. ताम वैतागायचा. "मीठ काय करतंय? मीठ राखणदार. सडवणारे किडे आत येऊ देत नाही, एवढंच. मासा आपल्या पोटातल्या पाण्याने स्वतःलाच पचवतो." एकदा एका परदेशी गिऱ्हाइकाने हट्ट धरला, की मासे साफ करून, आतडी काढून भरा, घाण वाटते. तामने एक लहान पिंप तसं भरून दिलं. वर्षाने झाकण काढलं तर आत खारवलेले मासे जसेच्या तसे, डोळे वटारून बघत होते. गिऱ्हाईक परत आलं नाही. ताम ती गोष्ट पुढे दहा वर्षं सांगत होता आणि प्रत्येक वेळी माशांचे डोळे थोडे मोठे होत होते.

पन्नाशी उलटल्यावर तामच्या पोटात दुखायला लागलं. बरगड्यांच्या खाली सुरू होऊन दुखणं पाठीत निघायचं. त्यावर तो तेच औषध घ्यायचा जे तीस वर्षं कशावरही घेत होता, म्हणजे बेटावरच्या सिम नावाच्या झुडपाच्या जांभळ्या फळांची दारू. दुखणं वर्षभराने आपोआप कमी झालं. तामला वाटलं, गेलं. पण त्याच सुमाराला तो वाळायला लागला. खायचा दोन माणसांचं आणि अंगाला लागेना. शौचाला झालं की वर तेलाचा तवंग दिसायचा, आणि घाण अशी, की चौतीस वर्षं मासळीच्या वासात काढलेला माणूस नाक दाबून बाहेर यायचा. बासष्ट किलोचा ताम पंचेचाळीसवर आला. पिंपघरातली माणसं त्याच्यामागे आवाज खाली करून बोलायला लागली.

लायने हार मानली नाही. ती जन्माची रांधणारी बाई. नवरा वाळतोय म्हणजे खाणं कमी पडतंय, हा तिचा सरळ हिशेब. कबुतराचं मांस घालून पेज, डुकराचे पाय घालून पेज, बदकाची अंडी घालून पेज. ताम निमूट खायचा, वाटी पुसून घ्यायचा आणि आठवड्याला अर्धा किलो उतरायचा.

शेवटी दोघं जलद बोटीने समुद्रापलीकडच्या राच झा शहरात गेली. तिथल्या सरकारी इस्पितळातली डॉक्टर तिशीतली होती. तिने पोटाचा फोटो उजेडावर धरला.

"काका, हे स्वादुपिंड. यात सगळे खडे झालेत. दारू किती वर्षं?"

"दारू म्हणजे फळांचीच हो," ताम म्हणाला.

"फळांची असो नाहीतर फुलांची. आजपासून बंद." मग ती लायकडे वळली, कारण ऐकणारं माणूस कोण हे तिला कळलं असावं. "काकू, तुम्ही यांना मांस, अंडं, मासा देता ना? त्यात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ, गुंडाळून ठेवलेली. अख्खी माळ रक्तात जात नाही. आधी मणी सुटे व्हावे लागतात. मग शरीर त्याच मण्यांच्या आपल्या माळा ओवतं, मांस, कातडी, रक्त, केस. मणी सुटे करणारे एंझाइम या स्वादुपिंडातून येतात. चरबीला वेगळे, भाताला वेगळे. यांचे येतच नाहीत."

"म्हणजे मी जे करून घालते ते?"

"ते तसंच्या तसं बाहेर जातं. आणि मणी मिळाले नाहीत की शरीर स्वतःचंच मांस मोडून मणी काढतं. म्हणून हे असे दिसतात. चाळीस किलोच्या खाली गेले तर साधा ताप आला तरी यांना निभवायचा नाही."

तिने कॅप्सूल लिहून दिल्या. त्यात डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले एंझाइम होते. रोज, प्रत्येक जेवणाबरोबर, जन्मभर. बाहेर रांग लांब होती. डॉक्टर एवढंच बोलली आणि पुढचा माणूस आत आला.

बोटीवर ताम पाण्याकडे बघत होता. "आतडी काढलेला मासा झालोय मी," तो म्हणाला.

"गुमान बसा," लाय म्हणाली. "माणसाने स्वतःला मासा म्हणू नये."

घरी पहिल्याच दिवशी घोडं अडलं. तामला जन्मात गोळी गिळता आली नव्हती. कॅप्सूल जिभेवर ठेवली की घसा बंद व्हायचा, मग उबळ, मग जेवण बाहेर. तीन दिवस हा तमाशा चालला. चौथ्या दिवशी लायने मार्ग काढला. कॅप्सूल उघडली तर आत बारीक दाणे होते. ते पेजेत घालून द्यायचे ठरलं. ताम खूश झाला. तो सकाळी पिंपघरात जायचा आणि दुपारी घरी आला की वाफाळती वाटी पुढे यायची. आत औषध आहे, एवढं त्याला माहीत होतं. ते केव्हा आणि कसं पडतं हे बघायला तो चुलीपाशी कधी गेला नाही. आणि लायने सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. तिच्या माहितीतलं प्रत्येक औषध चुलीवरून उतरलेलं होतं. तिच्या आईने मुळ्या आणि साली तीन वाट्या पाण्यात घालून एक वाटी उरेपर्यंत आटवल्या होत्या, त्यावर सहा भावंडं वाढली होती. तेव्हा लाय पेज उकळायला लागली की दाणे टाकायची, दहा मिनिटं ढवळायची, औषधाचा सगळा कस उतरू द्यायची आणि मगच भांडं खाली घ्यायची.

दोन महिन्यांनी दोघं पुन्हा राच झाच्या इस्पितळात गेली. वजन त्रेचाळीस.

"गोळ्या घेता ना?" डॉक्टरने विचारलं.

"तिन्ही वेळा," ताम म्हणाला.

"जेवणाबरोबर?"

"जेवणातच," लाय म्हणाली.

उत्तर खरं होतं. डॉक्टरने दोनाच्या चार कॅप्सूल केल्या. आणखी दोन महिन्यांनी ताम पिंपघरातल्या मिठाच्या काट्यावर उभा राहिला तेव्हा काटा एक्केचाळीसवर थांबला. त्याला आता शिडी चढवत नव्हती. त्याने आपल्या हाताखालच्या मुईला झाकणावर चढवायला सुरुवात केली आणि स्वतः खाली स्टुलावर बसून हुकूम सोडायला लागला. मुई म्हणजे दहावा. हा चाळिशीचा, गोलमटोल, तोंडाचा फाटका माणूस. ताम मेल्यावर मुकादमी आपल्याकडे येणार हे त्याला माहीत होतं, आणि ती यायला नको होती, हेही खरं होतं. तामला मरायची भीती वाटत होती. तसं तो कोणाला बोलला नाही, पण स्टुलावर बसल्या बसल्या तो पिंपं मोजायचा, आणि यातली कोणती आपल्या हातून उघडतील याचा अंदाज घ्यायचा.

त्यानंतरच्या आठवड्यात लायच्या वडिलांचं श्राद्ध आलं. तिला हाम निन्हला दोन दिवस जाणं भाग होतं. निघताना तिने पेजेचं पातेलं झाकून ठेवलं आणि दारातून सांगितलं, "पेज उकळायला ठेवा, उकळी आली की चार गोळ्या फोडून टाका, दहा मिनिटं ढवळा. लागू देऊ नका."

"हो हो," ताम म्हणाला. नवरे म्हणतात तसं.

दुपारी पातेलं अजून कोमट होतं. कोण चूल पेटवत बसणार? तामने वाटीत पेज घेतली, अशी घट्ट की चमचा उभा राहावा, आणि चार कॅप्सूल फोडून टाकल्या. दाणे दातात येतील म्हणून चमच्याने चांगले रगडले. तेवढ्यात फाटकापाशी मुई ओरडला, "दादा, चौदा नंबर गळतंय!" ताम वाटी तशीच ठेवून गेला. वेत आवळून, फटीत साल ठोकून दोघांना परत यायला पाऊण तास लागला.

वाटीत पेज नव्हती. पाणी होतं, आणि तळाला थोडा गाळ.

मुईने डोकावून बघितलं. "वहिनीने जाताना पाणी ओतलं का काय? तुम्ही जास्त खाऊ नये म्हणून?"

तामने वाटी नाकाशी नेली. आंबलेली नव्हती. सडक्याचा वास त्याला झोपेतही कळला असता. त्याने जिभेवर थेंब घेतला. गोडसर लागला. लायने पेजेत साखर कधीच घातली नव्हती. वाटी हातात धरून तो खाली बसला.

"मुई," तो म्हणाला, "चूल पेटव."

पातेल्यात पेज शिल्लक होती. तामने दोन वाट्या भरल्या. चार कॅप्सूलचे दाणे रगडून एका वाटीत तसेच कालवले. दुसऱ्या चार कॅप्सूलचे दाणे घोटभर पाण्यात लाय सांगून गेली तसे दहा मिनिटं उकळले, निवू दिले आणि मग दुसऱ्या वाटीत कालवले. दोघं समोर बसून राहिले, पिंप उघडताना बसतात तसे. पहिली वाटी अर्ध्या तासात वाहायला लागली. दुसरीतला चमचा उभाच.

मुई बोलायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर ते आलं. "दादा, हे तर उकडलेली मासळी पिंपात घातल्यासारखं झालं."

बेटावर ही गोष्ट शाळेत न जाणाऱ्यालाही ठाऊक आहे. मासळी वाफवली की ती चटईवर, उन्हात, सुकवायला. पिंपात जाते ती कच्चीच. वाफवलेली पिंपात घातली तर वर्षं गेली तरी तिचा अर्क व्हायचा नाही, कारण तिच्या पोटातलं काम करणारं जे काही असतं ते आगीने मरून जातं. चौतीस वर्षं ताम हेच लोकांना सांगत आला होता, आणि चार महिने त्याच्याच घरी त्याचं औषध वाफवलं जात होतं.

त्याने मुईच्या फोनवरून राच झाच्या इस्पितळात फोन लावला. डॉक्टर मिळायला संध्याकाळ झाली.

"चुलीवर?" डॉक्टर ओरडली. "काका, एंझाइम हे स्वतःच प्रथिन असतं. त्याची विशिष्ट घडी असते, त्या घडीवरच त्याचं काम चालतं. उकळलं की घडी उलगडते. अंडं उकडल्यावर परत कच्चं होतं का? मग? आणि पेजेत कालवून ठेवायचं नाही, रगडायचं तर अजिबात नाही. त्या दाण्यांवर लेप असतो, पोटातल्या आम्लातून ते सुखरूप आतड्यात पोचावेत म्हणून. दाणे आंबट गरावर घ्या, मामफळाच्या गरावर. न चावता गिळा आणि लगेच जेवा, थांबू नका. अर्धे सुरुवातीला, अर्धे जेवणाच्या मध्यात." मग ती म्हणाली, "चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही विचारलंत," ताम म्हणाला. "आम्ही खरंच सांगितलं."

फोन ठेवल्यावर मुई म्हणाला, "वहिनीला सांगणार?"

"तू तोंड उघडलंस तर चौदा नंबरच्या पिंपात घालीन."

"कच्चाच घाला हां. वाया नको जायला."

तामला हसू आलं नाही. त्याला लायचा हात दिसत होता, दहा मिनिटं न थांबता ढवळणारा. ज्या बाईने त्याला जगवायला एवढा आटापिटा केला, तिनेच त्याला उपाशी ठेवलं होतं, आणि हे तिला कळलं तर ती पुन्हा कधी मोकळ्या मनाने पातेलं चढवणार नाही, अशी त्याची खात्री होती. त्याने खोटं बोलायचं ठरवलं. आयुष्यात तो बरंच खोटं बोलला होता, बहुतेक दारूबद्दल, पण ते इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

"डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या," लाय परत आल्यावर तो म्हणाला. "या उकळायच्या नाहीत. आंबट गरावर घ्यायच्या."

लायने डबी फिरवून बघितली. "दिसायला त्याच आहेत की."

"आतून वेगळ्या."

तिने विश्वास ठेवला. न ठेवायला तिला काही कारण नव्हतं.

आठवड्यात तवंग गेला. तीन आठवड्यांनी मिठाचा काटा त्रेचाळीसवर गेला, नवीन वर्षाच्या सणाला सत्तेचाळीसवर आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक्कावन्नवर. नखं सरळ वाढायला लागली. ताम पुन्हा शिडी चढला आणि वरून मुईला शिव्या दिल्या, त्या मुईने आनंदाने खाल्ल्या.

लायच्या तर अंगात आलं. बाजारात, विहिरीवर, देवळात, जिथे कान भेटेल तिथे ती सांगायची, "चार महिने मी उकळून उकळून औषध पोटात मुरवलं, म्हणून नवीन गोळ्या एवढ्या लागू पडल्या." ताम शेजारी उभा असला तर मान हलवायचा. मान हलवायला काय जातंय, असं त्याला वाटायचं.

सहा महिने असे गेले. मग एका दुपारी बेटाच्या दक्षिण टोकाकडच्या आन थोय गावाहून न्हान नावाची तरुण मुलगी पत्ता विचारत आली. तिच्या बापाला हाच आजार होता. वजन एकोणचाळीस. डॉक्टरने याच कॅप्सूल दिल्या होत्या, आणि बापाला गिळता येत नव्हत्या. कोणीतरी तिला सांगितलं होतं, ताम काकूंना विचार, त्यांनी नवऱ्याला मरणातून ओढून आणलंय.

लायने तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं. ताम ओट्यावर वेत सोलत होता. त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"घाबरायचं नाही," लाय म्हणत होती. "पहिले चार महिने दाणे पेजेत टाकून दहा मिनिटं चांगले उकळायचे. पोटाला सवय होते. मग पुढे थंड, आंबट गरावर. यांचं मी अस्संच केलं, विचार हवं तर."

"चार महिने उकळून," न्हान पुटपुटली. ती बोटांवर मोजून पाठ करत होती.

तामने वेत खाली ठेवला. चार महिने त्या म्हाताऱ्याकडे नव्हते, कदाचित एकही नव्हता. तो उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.

"पोरी, उकळायचं नाही," तो म्हणाला. "एक दिवससुद्धा नाही. उकळलं की औषध मरतं. गोळ्या बदलल्या नव्हत्या. त्याच होत्या. चार महिने मला काहीच लागू पडलं नाही, कारण ते चुलीवर मरत होतं." मग त्याने लायकडे बघितलं. "मी तुला खोटं सांगितलं."

न्हान दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. आपण कुठून इथे आलो असं तिला झालं असावं.

लाय न्हानच्या समोर येऊन बसली. मग तिने न्हानचं मनगट घट्ट धरलं. "ऐकलंस ना? चुलीवर ठेवू नकोस. मी ठेवलं होतं. याच हाताने मी माझ्या माणसाला मरणाच्या दारात नेलं होतं. पुन्हा म्हणून दाखव, कसं द्यायचं."

न्हानने म्हणून दाखवलं. लायने तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं, कपाटातून मामफळ काढून तिच्या पिशवीत टाकलं आणि शेवटची बस चुकेल म्हणून तिला घाईने वाटेला लावलं.

मग ती आत आली आणि तिने ताट वाढलं. भात, तळलेला मासा, अर्काची वाटी, मिरच्या. बशीत गर घेतला, कॅप्सूल फोडून दाणे त्यावर पसरले आणि चमचा तामच्या हातात दिला. तामने तो तोंडात घातला आणि न चावता गिळला.

"चार महिने तुम्ही वाटी चाटूनपुसून खात होतात," लाय म्हणाली.

"चव चांगली होती."

तेव्हा ती रडायला लागली, मोठ्याने, तोंडावर हात नाही, आडोसा नाही, लहान मूल पडल्यावर रडतं तशी. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण ती अशी रडल्याचं तामला आठवत नव्हतं. त्याने भात खायला उचललेल्या काड्या खाली ठेवल्या आणि तिच्याकडे सरकायला लागला.

"बसून काय राहिलात?" ती हुंदक्यातच ओरडली. "दाणे गिळलेत ना? जेवा आधी!"

ती रडत राहिली आणि ताम जेवला.